मस्कतच्या कॅसेटवरचं संगीत

माझ्या संग्रहात एक्केचाळीस तुकडे आहेत. तुकडे म्हणतो, कारण त्यांना गाणी म्हणता येत नाही. त्यांत शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. सिंथेसायझर, तालाचं यंत्र, कुठे नुसता विजेच्या खांबासारखा गुणगुणणारा एकच सूर. तीसेक वर्षांत जे काही ऐकलं त्यातून एवढे उरले. ते एका छोट्या हार्ड डिस्कवर आहेत आणि जुन्या कॅसेटी माजिवड्याच्या आमच्या घरात पलंगाखालच्या खोक्यात आहेत. निवड करताना मी एक नियम पाळला: माणसाचा आवाज नको. एका तुकड्याच्या शेवटी बायकांच्या कोरससारखा 'आ' येतो. तोही यंत्रातूनच काढलेला आहे हे मला माहीत होतं, तरी तो तुकडा मी वगळला.

या नियमाचं कारण लोकांना मी वेगळं सांगत आलो. शब्द आले की अर्थ येतो, अर्थ आला की ऐकणं संपतं, असं काहीतरी. ऐकायला ते बरं वाटतं. खरं कारण तेवढं बरं नाही.

बहुतेक तुकड्यांची मूळ नावं मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हती, म्हणून मीच ठेवली. एकाचं नाव 'टाकी'. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्याचा आवाज जसा बारीक होत जायचा, तसा तो चढत जातो. एकाचं 'खडवली', कारण कॉलेजची मंडळी तिथे नदीत डुंबत असताना मी खडकावर बसून तो वॉकमनवर ऐकला होता. नोकरीची पहिली दहा वर्षं मी मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होतो. तिथे दिवसभर पिंपांत रंगाची ढवळणी चालायची. तिच्या लयीशी जुळतो म्हणून एकाचं नाव 'पिंप'. पुढे इंटरनेटवर बऱ्याच तुकड्यांची खरी नावं सापडली. मी माझीच ठेवली.

पहिल्या तुकड्याला मात्र मी नाव दिलं नाही. यादीत तिथे नुसता 'एक' असा आकडा आहे. तो कुठून आला, ते आता सांगतो.

माझी ताई लग्न होऊन कल्याणला गेली आणि वर्षाच्या आत भावोजी मस्कतला गेले. एसी दुरुस्तीचं काम होतं. त्यांना पत्र लिहायचा कंटाळा, आणि फोन महाग. म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर येणारा कुणी हातोहात आणून द्यायचा. कॅसेटची पहिली बाजू घरच्या सगळ्यांसाठी असायची. ताईचे सासू-सासरे, दीर, सगळे संध्याकाळी टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. आईबाबांना नमस्कार, दिराला अभ्यासाची तंबी, तिथलं ऊन, तिथली तूरडाळ. शेवटी भावोजी म्हणायचे, "आता बंद करा. उलटी बाजू हिची आहे." आणि सासरे खरोखरच कॅसेट काढून ताईच्या हातात द्यायचे.

पण दोन खोल्यांत चार माणसं. तिची बाजू ती ऐकणार कुठे? ती शनिवारी आमच्याकडे डोंबिवलीला यायची, टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. मी आसपास घुटमळलो की आई म्हणायची, "जा रे बाहेर. तिची बाजू ऐकायचीय तिला." ऐकून झाली की कॅसेट आमच्याच कपाटात राहायची. सासरी कुलूप लागेल असं तिचं स्वतःचं काही नव्हतं. अशा सहा कॅसेटी आल्या. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात, दोन बाजूंचे दोन. ते मोडले की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ताईने सहाही कॅसेटींचे दोन्ही पापुद्रे डोक्याच्या पिनेने मोडून ठेवले होते.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. ठाण्याला स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकानदार कॅसेटी भरून द्यायचा. यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी यायचं. माझ्या आवडीमुळे तो मला ओळखायला लागला होता.

"तुझं गिऱ्हाईक आलंय बघ," तो एकदा दुपारी म्हणाला आणि बिननावाची एक कॅसेट लावली. "जर्मन आहे म्हणे. सगळं मशीनवर. ज्याची आहे तो उद्या घेऊन जाणार. पाहिजे तर संध्याकाळपर्यंत कोरी आण."

"तुमच्याकडची द्या ना एक."

"इथली नको रे. हे असलं संगीत इथल्या कॅसेटवर भरलंस तर मागे कोणीतरी शेंगदाणे भाजतंय असं वाटेल. कुणी गल्फबिल्फहून आलंय का तुमच्याकडे? तसली आण."

मी घरी गेलो. आई बाहेर गेली होती. कपाटात सहा कॅसेटी होत्या, सगळ्या तसल्याच. मी शेवटची घेतली. आता हे मला नीट लिहायचं आहे. मी घाईत काहीतरी करून बसलो असं झालेलं नाही. मी विचार केला. पहिल्या बाजूवर भरलं तर सासरचं कुणी कधीतरी मागेल, आणि पकडला जाईन. दुसरी बाजू फक्त ताईची, आणि तिची ऐकून झालेली आहे. म्हणजे चौकशी करणारं एकच माणूस उरतं. म्हणून मी दुसऱ्या बाजूच्या पापुद्र्याच्या जागी चिकटपट्टी लावली. पट्टी लावली की यंत्राला वाटतं, पापुद्रा आहे.

दुकानदाराने कॅसेट हातात फिरवली. "पट्टी मारलीयस. आधी काय आहे यात?"

"काही नाही. बोलणं आहे."

"कुणाचं?"

"असंच. कुणाचंतरी."

"तुझं तू बघ बाबा. मी पुसलं की पुसलं."

असं संगीत मी तोवर ऐकलं नव्हतं. सत्तावीस मिनिटांचा एकच तुकडा. आधी एक सूर, मग त्याच्या खाली दुसरा, मग कुठूनतरी एक ठोका सुरू होतो आणि आपण तो केव्हापासून ऐकतोय ते सांगता येत नाही. घडत काहीच नाही, आणि तरी संपताना आपण कुठूनतरी निघून कुठेतरी पोचलेले असतो. मी तो आजवर किती वेळा ऐकला असेन याची मोजदाद नाही. चांगलाच आहे तो. माझ्या चोरीमुळे त्याची किंमत कमी होत नाही, आणि हीच अडचण आहे.

बाजू तीस मिनिटांची होती. दुकानदार कोणताही तुकडा मध्येच तोडत नसे. पुढचा मावणार नाही म्हटल्यावर त्याने तिथेच थांबवलं. त्यामुळे संगीत संपलं की खट् असा आवाज यायचा आणि भावोजी बोलायला लागायचे. अर्ध्या वाक्यातून. "…म्हणून तेवढं मात्र तू करू नकोस. बाकी तू म्हणशील तसं."

मी बटण दाबायचो. पहिल्या दिवशीही दाबलं आणि पुढेही. शेवटचा सूर विरत आला की बोट बटणावर. कधी उशीर झाला तर ते एवढं वाक्य ऐकू यायचं, त्यापुढचं मी कधी ऐकलं नाही. हा काही माझा सभ्यपणा नव्हता, मला ऐकवत नव्हतं. पुढे संग्रहात माणसाचा आवाज नको असा नियम केला, तो इथून आला.

काही महिन्यांनी ताईने कपाट उघडलं. "पाचच कशा? सहावी कुठेय?"

मी तिथेच बसून पोहे खात होतो. आईला वस्तू देऊन टाकायची सवय होती. डबे, जुन्या साड्या, कोणी मागितलं की द्यायची. मी म्हणालो, "आईनेच दिली असेल कुणालातरी. तिला काय, कॅसेट आणि डबा सारखाच."

आई गोंधळली. "दिली असेन बाई," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

ताई तिला खूप बोलली. त्या वर्षी भाऊबीजेला आली, मला ओवाळलं आणि जेवायला न थांबता गेली. आई वाढलेलं ताट झाकून ठेवत म्हणाली, "माझंच चुकलं." पुढे पुढे तिला खरंच वाटायला लागलं की तिनेच कॅसेट दिली. कुणाला दिली तेही ती सांगायची, भाजीवालीच्या मुलीला. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली.

भावोजी वर्षभराने कायमचे परत आले. त्यांनी कल्याणला तळमजल्यावर घर घेतलं आणि ताई पाच कॅसेटी तिकडे घेऊन गेली. एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात कमरेपर्यंत चढलं, त्यात त्या गेल्या. मी मदतीला गेलेलो. चिखलात ओढल्या गेलेल्या फिती ताई बोटाला गुंडाळून पाहत होती. तेव्हा माझ्या मनात आलं की सहावी शाबूत आहे आणि ती मी चोरली म्हणून शाबूत आहे. हा विचार आला आणि मला बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर ती मंडळी दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मी सवडीने सगळा संग्रह संगणकावर उतरवून घेतला. 'एक' उतरवताना शेवटची अडीच मिनिटं कापली. माऊसने तो भाग निवडला आणि डिलीट केला.

गेल्या वर्षी भावोजींचं घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलतात. ओठ हलतात, आवाज यंत्र देतं. सपाट, एकाच पट्टीतला, गुणगुणता. घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी ते गळ्याला लावलं आणि म्हणाले, "आता मला. घे. तुझ्या संग्रहात."

सगळे हसले. मीही हसलो.

त्यांची नात तीन वर्षांची आहे. यंत्र सुरू झालं की ती पडद्यामागे जाते. आजोबा काय करतात, तर यंत्र बाजूला ठेवून तिच्याकडे पाहून नुसती तोंडं वेडीवाकडी करतात. तेव्हा ती येते.

मे महिन्यात ताईचा फोन आला. "अरे, आईची खोली तू आवरलेलीस ना? तिथे कुठे ती कॅसेट नव्हती ना, ह्यांची?"

मी म्हणालो, "का गं?"

"ह्यांचा आवाज कुठेच नाही रे. व्हिडिओ ढीगभर आहेत, पण सगळे ह्यांनीच काढलेले. त्यात नुसतं 'इकडे बघा, इकडे बघा'. आणि मला आता आठवत नाही. खरंच सांगते. आवाज आठवायला गेले की ते मशीनच ऐकू येतं." मग हसून म्हणाली, "असू दे. आईने दिली ती दिली. बिचारी शेवटपर्यंत त्या भाजीवालीच्या पोरीचं नाव घेत होती."

मी म्हणालो, शोधतो.

शोधायचं काही नव्हतं. कॅसेट पलंगाखाली होती. त्या रात्री मी पहिली बाजू संगणकावर उतरवली. नमस्कार, दिराचा अभ्यास, डाळ, सगळं स्वच्छ होतं. जाड, थोडा हसरा आवाज. ताईला ती फाइल पाठवली आणि लिहिलं, आईच्या जुन्या पेटीत सापडली. म्हणजे आणखी एक खोटं. अर्ध्या तासाने तिचा फोन आला, पण तिला बोलता येईना. मग म्हणाली, "दुसरी बाजू?"

"ती खराब झालीय, ताई. बुरशी."

"पूर्ण?"

"जवळजवळ."

"बरं. मग कॅसेट तरी आणून दे. तशीच. हातात घेऊन बघते."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या कागदावर माझ्या अक्षरात 'एक' लिहिलेलं होतं आणि मागे पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. मी पट्टी नखाने उकरायला घेतली. अर्धी निघाली, खाली गोंदाचा तपकिरी डाग राहिला. बायको दारात उभी राहून पाहत होती. तिला हे सगळं माहीत आहे. लग्नानंतर कधीतरी मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "डाग जाणार नाही. स्पिरिट लावलंत तरी नाही. आणि समजा गेला, मग काय?"

रविवारी सकाळी मी जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि कल्याणला गेलो.

ताई मेथी निवडत बसली होती. भावोजी खिडकीशी पेपर वाचत होते. मी कॅसेट तिच्या पुढ्यात ठेवली आणि वेळ न काढता सांगितलं. मी घेतली, पट्टी मी लावली, दुसरी बाजू मी पुसली, आईने काही केलेलं नाही.

ताईने हात पुसले. कॅसेट उचलून पट्टीची उरलेली कडा पाहिली. मग म्हणाली, "आईला मी किती बोलले रे."

"हो."

"तू पोहे खात होतास."

"हो."

"आणि ओवाळणी काय घातलेलीस, आठवतंय? गजऱ्याचा क्लिप. मी दोन वर्षं वापरला तो, गाढवा."

भावोजींनी पेपर बाजूला ठेवला, यंत्र गळ्याला लावलं. "काय. भरलंस. माझ्यावर?"

मी म्हणालो, "संगीत आहे. मशीनचं."

"ऐकव."

"भावोजी, नको."

"ऐकवच," ताई म्हणाली. "कशासाठी पुसलंस ते कळू दे. सबंध लाव. मध्ये बंद करायचं नाही."

मी टेपरेकॉर्डर टीपॉयवर ठेवला आणि बटण दाबलं. तो तुकडा मी आजवर एकट्यानेच ऐकला होता. आता तो त्यांच्या खोलीत वाजत होता, आणि ताई मेथीच्या काड्या मोडत होती. पाचव्या मिनिटाला तिने विचारलं, "सुरू झालं का?" मी म्हणालो, हेच आहे. दहाव्या मिनिटाला नात आली, टेपरेकॉर्डरशी उभी राहिली आणि कंटाळून गेली. भावोजी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. मग दिसलं की ठोका सुरू झाल्यावर त्यांचं एक बोट खुर्चीच्या हातावर हलतंय. मी ते सूर नेहमीसारखे ऐकू पाहत होतो आणि जमत नव्हतं. प्रत्येक सुराच्या खाली काहीतरी होतं, जे मी पुसलं होतं, आणि ते काय होतं हे फक्त या दोघांना माहीत असणार होतं.

शेवटचा सूर विरत आला. माझं बोट सवयीने पुढे गेलं. ताईने माझा हात धरून खाली ठेवला.

खट्.

"…म्हणून तेवढं मात्र तू करू नकोस. बाकी तू म्हणशील तसं. हा मागे आवाज येतोय ना, तो आमचा एसी. दुसऱ्यांचे दुरुस्त करतो, आमचा तसाच. आज शुक्रवार, सगळे जेवून आडवे झालेत. मी न्हाणीघरात बसून बोलतोय, हसू नकोस. तू जेवतेस ना नीट? आईसमोर लाजून कमी वाढून घेतेस, मला ठाऊक आहे. घेत जा. आता फीत संपत आली वाटतं. संपली तर संपली. मी बोलत—"

बटण आपोआप वर आलं.

ताईचे हात मेथीत तसेच होते. भावोजी टेपरेकॉर्डरकडे पाहत होते, जसं आपण घरी आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहतो. मग त्यांनी यंत्र लावलं.

"काय. करू नको. म्हणालेलो?"

"तुम्हाला आठवत नाही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"काहीच?"

पुन्हा तेच. ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने मेथीची परात टीपॉयखाली सरकवली, नातीला हाक मारून शेजारच्या काकूंकडे खेळायला पाठवलं आणि मग माझ्याकडे वळली.

"तू नीघ आता."

"ताई, मी—"

"रागावलेय मी. त्याचं काय करायचं ते नंतर बघू. तू बोलू नकोस, मला मधे विसरायला होईल. आधी ह्यांना त्या बाजूचं सांगते." तिने खुर्ची भावोजींच्या अगदी जवळ ओढली. "टेपरेकॉर्डर राहू दे इथे. दार ओढून घे."

भावोजींनी यंत्र गळ्यापासून काढून मांडीवर ठेवलं होतं.

मी बाहेर येऊन दार ओढलं. जुन्या इमारतीची दारं पातळ असतात, आत बोललेलं जिन्यात ऐकू येतं. ताईने घसा खाकरला. मी चपला हातात घेतल्या आणि खालच्या मजल्यावर उतरून मग पायात घातल्या.